भारोभार

ठण्णकन आवाज झाला. पितळी डब्याचं झाकण विजयमालाच्या हातातून निसटलं, कडेवर उभं राहिलं आणि माजघराच्या फरशीवरून गरागरा फिरत, वाजत-गाजत थेट सोप्याकडं निघालं. भर दुपारची वेळ. मळ्यातल्या त्या घरात नुसती सामसूम. गडीमाणसं गुऱ्हाळावर, आई विहिरीवर, रंगूआत्ती आतल्या खोलीत घोंगडीवर आडवी. तेवढ्या शांततेत ते झाकण असं खणखणलं, की साऱ्या पंचक्रोशीला कळावं... लालासाहेबांची लेक चोरून शेंगदाणे खाते!

"कोण हाय गं तिकडं?" आतून आत्तीचा आवाज आला.

विजयमालाला बोलता येईना. येणार कसं? तोंड भरलेलं, मूठ भरलेली, आणि झाकण... झाकण गेलं कुठं?

झाकण उंबऱ्याशी एका अनोळखी पायाखाली थांबलं होतं. पायाचा धनी उंच, सडपातळ... सडपातळ कसला, नुसतं उसाचं कांडं! खांद्यावर मोठ्या तराजूची लोखंडी दांडी, कपाळावर घाम. त्यानं एकदा झाकणाकडं पाहिलं, एकदा तिच्या मुठीकडं, आणि मग सरळ तिच्या डोळ्यांत.

"मांजर व्हतं, आत्ती!" तो मोठ्यानं म्हणाला. "हाकललं मी."

"बरं केलंस बाबा." घोंगडी सळसळली. मग आत्तीची झोप पुरती उतरली असावी. "आन् तू कोण रं?"

"अर्जुना. सांगलीच्या भाऊसोंच्या अडतीवरनं आलोय. तोलारी."

तोलारी, म्हणजे पेठेत गूळ-हळद तोलून देणारा. आबांनी, म्हणजे लालासाहेबांनी, मागवलेला माणूस तो हाच. तो का आलाय, कशासाठी तो तराजू, हे घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानं झाकण उचललं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मांजरानं अजून थोडं खाल्लं तरी चालंल. आत्ती पुन्यांदा घोराय लागल्यात."

"मांजरं शेंगदाणं खात्यात व्हय?"

"ह्या घरातलं खातंय. समोरच हाय की."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. तो हसला होता खरा, पण ते हसू वेगळं होतं. त्यात ती एकटी नव्हती, तोही होता.

विजयमाला सातव्या महिन्यातच जन्मली होती. तिच्या आधीची दोन गेलेली. सुईण धोंडुबाईनं तिला कापसात गुंडाळली तेव्हा म्हणे ती तळहातावर मावत होती. तिच्या आईनं, बनुबाईनं, बाळंतिणीच्या खाटेवरूनच जाखाईच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले, "आई, येवढी जगीव. तिच्या भारोभार गूळ वाटीन."

पोर जगली. नवस मात्र राहिला. पहिल्या साली घरात सुतक आलं, दुसऱ्या साली उसाला कीड लागली, मग 'औंदा नगं, फुडल्या जत्रंला' असं करत करत वर्षं गेली. चार वर्षांच्या लेकराला पारड्यात बसवून दोन-तीन ढेपांत जे भागलं असतं, ते सतराव्या वर्षावर येऊन ठेपलं.

आणि आईचा हात! ज्या आईनं लेकराची नाडी दोन बोटांनी शोधलेली असते, तिला त्याचं पोट भरलं हे कधी पटतच नाही. दुधावरची साय विजूला, काकवीत बुडवलेली भाकरी विजूला, लोण्याचा पहिला गोळा विजूला. दहा-अकरा वर्षांची होईतो माणसं कौतुक करायची, "लालासायबाच्या घरचं खाल्ल्यालं अंगावर दिसतंया!" बनुबाई लगबगीनं मीठमोहऱ्या उतरवून टाकायची. आणि मग एक दिवस... नेमका कोणता, हे विजयमालाला कधीच कळलं नाही... त्याच अंगाची सगळ्यांना लाज वाटायला लागली.

पंचमीला लिंबाला झोका बांधला, की मुली म्हणायच्या, "विजू, तू झोका दे गं. तुझ्या हातात बळ हाय." 'तू बस' असं कधी कुणी म्हणायचं नाही. फुगडीला हात पुढं केला, की समोरची खुदकन हसून मागं सरायची. पोरांनी तर नावच पाडलेलं, ढेप. विजयमालाही हसायची. आधी आपण हसलं, की दुसऱ्याचं हसू जरा कमी लागतं, एवढं ती शिकली होती.

आता कराडकडचं एक स्थळ आलं होतं. नवस डोक्यावर ठेवून मुलगी दिली तर देवी सासरपर्यंत मागं येते, असं आत्तीचं म्हणणं. म्हणून ह्या जत्रेला तिची गूळतुला करायचीच. आणि जत्रेपर्यंत अर्धी भाकरी, वाटीभर ताक आणि सकाळी मळ्याला सात फेऱ्या. हेही आत्तीचंच.

तिच्या जिवाला थार नव्हता. बसलं तर बसवत नव्हतं, झोपलं तर पोट जागं. पहाटेच्या धुक्यात ती बांधावरून चालायला लागली, की ऊस दिसायचा नाही, विहीर दिसायची नाही. नुसता काकवीचा गोड, ओला वास... आणि त्या वासानंच डोळ्यांत पाणी.

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला गुऱ्हाळाच्या कोपऱ्यावर धुक्यातून आवाज आला.

"मांजर लवकर उठलं आज."

ती काही न बोलता पुढं गेली. पण अख्खी फेरी उत्तर जुळवण्यात गेली. दुसऱ्या फेरीला तिनं ते न थांबता टाकलं, "मांजराला कामं असत्यात. दुसऱ्यावानी उभं ऱ्हाऊन भागत न्हाई."

तिसरी फेरी. "उभा कुठं? वजन करतोय."

हाही त्यातलाच! चौथ्या फेरीला तिनं मान वळवली, पण त्याचं वाक्य कानावर आलंच, "गुळाचं, बाई! ह्या बघा ढेपा."

आणि तो खरंच ढेपा मोजत होता. "लाभ... दोन... तीन..." एक म्हणून मोजणी सुरू करायची नाही, पहिल्याला लाभ म्हणायचं, ही त्यांच्या पेठेची रीत. तिला तो आवाज आवडला. धुक्यात दूरवर जाणारा, घाई नसलेला.

पाचव्या फेरीला ती थांबली. "तुमी म्हनं नजरंनंच वजन सांगता?"

"सांगतो की. ढेपंचं, पोत्याचं, बैलाचं बी."

"आन् मानसाचं?"

तो दांडीवरचा हात काढून म्हणाला, "मानसाचं येकदाच केलं. माझंच. थोरला भाऊ पलटनीत हाय. मी बी गेलतो साताऱ्याला भरतीला. सकाळधरनं दोन डझन केळी खाल्ली, तीन तांबं पानी प्यालो. सायबानं काट्यावर हुबा केला, छाती मापली आन् म्हनला, ह्याला बंदूक दिली तर बंदूकच ह्याला घिऊन पळंल."

ती हसली. स्वतःवरचं ते ठेवणीतलं हसू नव्हे. पोटातून, धुकं हलावं असं.

"गावात आलो तर पोरं म्हनत्यात, आला काडीपैलवान. आई म्हनती खा. सायब म्हनतो खा. खाऊन खाऊन माझा जीव गेला. आन् तुमाला म्हनत्यात खाऊ नगा." तो अडखळला. "...आपलं वाटून घेतलं असतं तर बरं झालं असतं न्हाई? निम्मं निम्मं."

बोलून तो स्वतःच लाल झाला. ती बांधावर पाय घसरेल इतक्या घाईनं निघाली. सहावी फेरी तिला कळली नाही. सातवी तिनं आठ वेळा केली.

जत्रा दोन दिवसांवर आली, तेव्हा चुलीपुढं बसून आत्तीनं बेत सांगितला. कराडचे पाहुणे जत्रेला येणार. गूळतुला होताना लांबून मुलगी पाहणार. "तवा त्या तोलाऱ्याला सांगून ठिवलंय मी. दांडीला जरा बोट लावायचं. धा ढेपांत भागवायचं. बघनारानं म्हनायचं, अगं बाई, दिसती तशी न्हाई की!"

आबांनी खाली पाहिलं. बनुबाई आमटी ढवळत राहिली. ढवळायचं काही उरलं नव्हतं, तरी ढवळत राहिली.

विजयमालाला वाटलं, सुटले. एवढा एक दिवस निघून जाईल. पण मन राहीना. दुपारी गुऱ्हाळावर भाकऱ्या पोचवायचं निमित्त काढून ती गेली. तो तराजूच्या साखळ्या तपासत होता.

"आत्तीनं सांगितलंय त्ये... कराल न्हवं?"

"न्हाई."

असं उत्तर येईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. "कुनाला कळनार हाय?"

"मला कळंल. तुमाला बी कळंल." त्यानं साखळी खाली ठेवली. "येकदा दांडीला बोट लावलं, की त्या हातानं पुन्यांदा तराजू धरता येत न्हाई. आन् कमी करायचं तरी काय? तुमच्यातलं कुठलं काढू? हात काढू, का हसू काढू? सांगा तुमीच, मला तर काय जादा दिसंना."

दुसऱ्या कुठल्या दिवशी हे ऐकून ती विरघळली असती. आज तिच्या अंगाचा भडका उडाला.

"तुमास्नी काय जातंया बोलायला! पारड्यात मला बसायचंय. सगळ्या गावानं मोजायचं, लाभ, दोन, तीन... आन् जितकं मोजतील तितकं हसायचं. तुमाला साताऱ्यात येक सायब हसला. मला रोज येक गाव हसतंय. ठिवा तुमचा खरेपना तुमच्याजवळ!"

भाकऱ्यांचं फडकं तिथंच टाकून ती परतली. दोन दिवस तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. बनुबाई दुधाचा पेला घेऊन उशाशी बसायची. विजू भिंतीकडं तोंड फिरवायची. खाऊ घालावं तरी चूक, न घालावं तरी चूक. त्या माउलीनं जावं कुठं?

जत्रेच्या दिवशी देवळापुढं तीन वासे एकत्र बांधून तराजू टांगला होता. मुद्दाम पाडलेल्या पाच-पाच शेरांच्या लहान ढेपा गाडीतून उतरल्या. ढोल थांबला. कराडचे तिघे पाहुणे चिंचेखाली घोंगडीवर बसले होते, पानाचा डबा उघडून. विजयमाला नवं लुगडं सावरत पारड्यापाशी आली. डोळ्यांपुढं बारीक चांदण्या नाचत होत्या. ती बसली आणि पारडं खट्‌दिशी जमिनीला टेकलं.

कुणीतरी फिस्स केलं. ते हसू गर्दीतून पसरत गेलं.

अर्जुनानं तिच्याकडं पाहिलं नाही. त्यानं दांडी मोकळी सोडली आणि दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे वर धरून दाखवले. आत्तीचा चेहरा उतरला. पहिली ढेप पडली.

"लाभ!"

विजयमालानं डोळे मिटले. आता दोन. आता सुरू होणार...

"लाभ!"

तिला वाटलं, आपल्यालाच भोवळ आली. तिसरी ढेप पडली.

"लाभ!"

"अरं मोज की नीट!" गर्दीतून तिच्या शाळेतला एक टारगट ओरडला. "किती झाल्या त्ये कळू दे!"

अर्जुना शांतपणे पुढची ढेप उचलत म्हणाला, "देवीच्या दारात सांगलीचा तोलारी पयल्या आकड्याच्या फुडं जात न्हाई. रीत हाय ती. विचारा पुजारीबाबास्नी."

पुजारीबाबांनी असलं कधी ऐकलं नव्हतं. पण आपल्याला माहीत नाही, असं चारचौघांत कोण म्हणणार? त्यांनी दाढी कुरवाळली. "हाय, हाय. लय जुनी रीत."

विजयमालानं डोळे उघडले. अशी रीतबीत काही नाही, हे तिथं दोघांनाच ठाऊक होतं. तिच्या पोटात, दोन दिवसांच्या त्या रिकाम्या पोटात, कुठून तरी हसू फुटलं. दाबलं तरी दबेना. साखळ्या किणकिणल्या.

"हलू नगा. माप ढळंल," तो पुटपुटला.

"मग हसवू नगा."

लाभ... लाभ... लाभ. आकडाच नाही तर हसायचं कशावर? माणसं कंटाळली, शेजारी-पाजारी बोलायला लागली. कुणी नारळ फोडला. एवढ्यात आत्ती पुढं सरसावली, "बास रं आता! आलं की बरुबर!"

आलं नव्हतं. पारडं अजून भुईलाच टेकलेलं होतं. अर्जुना हातात ढेप घेऊन थांबला. आता मात्र त्यानं तिच्याकडं पाहिलं. ठरवायचं तिचं तिनंच होतं.

बास म्हटलं तर सगळं इथंच संपत होतं. पाहुणे समाधानानं उठले असते, सुपारी फुटली असती...

"न्हाई आत्ती," ती म्हणाली. आवाज आधी कापला, मग घुमला. "मी अजून खालीच हाय. ठेवा आनखी येक."

"लाभ!"

"आनखी येक."

"लाभ!"

आणि हळूच, अगदी हळूच, पारड्यानं जमीन सोडली. तिचे पाय अधांतरी झाले. लिंबाच्या झोक्यावर जे तिला कधी कुणी दिलं नव्हतं, ते देवीच्या दारात तिला मिळालं. ती झुलत होती. समोर बनुबाई पदरात तोंड घालून रडत होती, "तळहातावर मावत व्हती गं माझी बाई... तळहातावर..."

पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्यानं पान थुंकून निरोप सांगितला. मुलगी वाईट नाही. पण दोन-चार महिने घरीच ठेवा, जरा उतरवा, मग बघू.

इतके दिवस जमिनीकडं बघणारे लालासाहेब मान वर करून म्हणाले, "पावनं, आमी गूळ उतरवतो कढईतनं. लेक न्हाई उतरवत."

प्रसादाच्या ढेपा फोडायला अर्जुनाच बसला होता. माणसं ओंजळी भरभरून नेत होती. गर्दी पांगल्यावर विजयमाला समोर येऊन उभी राहिली. त्यानं एक मोठा खडा निवडून तिच्या हातावर ठेवला. ती तिथंच, सगळ्यांदेखत, खायला लागली. दोन दिवसांनी... छे, कित्येक वर्षांनी.

"सोळा आणे खरेपना सांगत व्हता," ती खडा चघळत म्हणाली. "आन् देवीच्या दारात खोटं बोलला."

"माप खरं व्हतं. मोजनी तेवढी खोटी."

"का केलं असं?"

त्यानं गुळाचा चुरा एका बोटानं उगाच गोळा केला. "आकडा त्यांच्या हातात दिला असता तर त्यांनी जल्मभर वाजवला असता."

"तुमाला तर ठाऊक हाय न्हवं? किती झाल्या त्या?"

"ठाऊक हाय."

"मग?"

"कुनाला सांगनार न्हाई. जल्मभर."

"लांब सांगलीत ऱ्हाऊन न्हाई सांगनार, का..." तिचं तिलाच कळेना जीभ इतकी कशी सैल सुटली. गूळ पोटात गेला म्हणून असेल. "...का जवळ ऱ्हाऊन?"

अर्जुनानं वर पाहिलं. ढेपा नजरेनं जोखणारा तो माणूस, पण ह्या वाक्याचा भार त्याला पेलवेना.

"तुमी म्हनाल तसं," तो म्हणाला. "पर जवळ ऱ्हाऊन... लय बरं."

लग्न पुढच्या वैशाखात झालं. सहज झालं नाही. आत्ती महिनाभर अबोला धरून बसली, "वाऱ्यानं उडंल असला जावई!" लालासाहेबांना उसाच्या मळ्यात पोर द्यायची होती, तोलाऱ्याच्या दोन खणांत नव्हे. पण बनुबाईनं एकच सांगितलं, "माझ्या पोरीला त्यानं येका ढेपंनं बी हलकी क्येली न्हाई. त्याच्याच घरी द्या." वरातीत पोरांनी 'काडी आणि ढेप' म्हणून घ्यायचं ते तोंडसुख घेतलंच. नवरानवरी एकमेकांकडं बघून असे काही हसले, की पोरंच ओशाळली.

सांगलीच्या पेठेमागच्या त्या दोन खोल्यांत विजयमालाचं सगळं भागलं. सुख म्हणजे काय ते तिथं होतं. पण जुनी हुरहुर गेली म्हणावं, तर तसंही नाही. ताटात दुसरी भाकरी घेताना हात अजून घटकाभर थांबायचा. कुणी खिदळलं, की आपल्यालाच का, असं वाटून मान वळायची. अर्जुना तो हात पाहायचा. भाकरी तिच्या ताटात सरकवायचा.

मुलगी झाली, सुला. बापावर गेलेली, लांबसडक, हडकुळी. लढाई संपली, झेंडे बदलले, आणि सुला सहा वर्षांची झाली. त्या पौषात बनुबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आली. नातीचं मनगट दोन बोटांत धरून तिनं डोळ्यांत पाणी आणलं, "काय ही पोर! नुसती हाडं. विजे, तू खाऊ घालतीस का न्हाई हिला?"

विजयमालानं लाडू घेतला आणि मुलीच्या तोंडाशी नेला. एक झाला. दुसरा. सुलानं तोंड फिरवलं तसा तिनं हलकेच तिचा गाल धरून वळवला. "येवढा येकच. गुनाची न्हवं माझी?" तोच सूर, तोच हात... तिचं तिलाच उमगलं, पण हात मागं येईना. दारात अर्जुना पेठेत जायला टोपी घालत होता, तो थबकला.

सुलानं लाडू गालात तसाच धरून ठेवला. ती एकदा आजीकडं बघत होती, एकदा आईकडं.

"आजी म्हनती मी लय वाळकी. शेजारच्या शालूबाई म्हनत्यात तुझी आई लय जाड. बाबा बी वाळके, म्हनून त्यांना भरतीत घेतलं न्हाई." तिनं लाडू कसाबसा गिळला. "मग आई... किती असलं म्हंजी मानूस बरुबर असतं गं?"

विजयमालानं नवऱ्याकडं पाहिलं. अख्ख्या पेठेचा माल नजरेनं जोखणारा अर्जुना टोपी हातात धरून उंबऱ्यात नुसताच उभा होता. सुला तोंड पुसून आईच्या मांडीवर सरकली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडं वळवला आणि पुन्हा विचारलं, "सांग की गं... किती?"